चार इंजेक्टर, पाच वॉशर : जुन्या डिझेल व्हॅनच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी
मीटरवर २,१८,४६० किलोमीटर

व्हॅन ताब्यात येऊन तीन आठवडे झाले. घेताना इंजिन गरम होते आणि गरम इंजिन आपले दोष बरेचसे झाकून ठेवते, ही गोष्ट ठाऊक असूनही मी ती त्या दिवशी सोयीस्करपणे विसरलो. आता लक्षणे व्यवस्थित लिहून ठेवतो, म्हणजे काम झाल्यावर काय बदलले आणि काय तसेच राहिले हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. सुरू झाल्यावर दोन ते तीन मिनिटे पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. तो वाफेचा नाही, न जळलेल्या डिझेलचा आहे, हे वासावरून कळते. आयडलिंगला इंजिन एका ठरावीक लयीत अडखळते आणि त्या अडखळण्याने आरसे थरथरतात. चढावर, भार असताना, मागे काळा धूर सुटतो आणि पिकअप मिळत नाही. टाकी काठोकाठ भरून, गाडी चालवून, पुन्हा काठोकाठ भरून दोनदा मोजले तेव्हा ॲव्हरेज ९.२ आणि ९.० किलोमीटर प्रतिलिटर आले.

इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे, थेट इंजेक्शनचे आहे. पंप यांत्रिक रोटरी प्रकारचा आणि इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, साध्या स्प्रिंगचे. कॉम्प्युटर जोडून दोष वाचण्याची सोय नाही, त्यामुळे कान, पाना आणि वही यांवरच भागवायचे आहे.

सगळी लक्षणे चोंदलेल्या इंजेक्टरकडे बोट दाखवतात. पण तीच लक्षणे इतर चार-पाच कारणांनीही दिसू शकतात, म्हणून आधी सोपी कारणे निकालात काढायची.

७ जानेवारी

एअर फिल्टर मळलेला होता, पण बंद झालेला नव्हता, बदलला. ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग, चारही तपासले. तिघांचा रोध एक ओहमच्या आत होता, दुसऱ्या सिलिंडरचा प्लग पूर्ण तुटलेला निघाला, म्हणून तेवढा बदलला. पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा लावून इंजिन दहा मिनिटे चालवले. बुडबुडे दिसले नाहीत, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूने हवा ओढली जात नाही.

डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत पाव कप द्रव काढला. बाटली अर्धा तास स्थिर ठेवल्यावर तळाशी पाण्याचा सुमारे दोन बोटे थर स्पष्ट वेगळा झाला आणि दोन्हींच्या सीमेवर तपकिरी साय धरल्यासारखे काहीतरी तरंगत राहिले. फिल्टर बदलला. ही बाटली फेकलेली नाही, फळीवर ठेवली आहे.

नव्या ग्लो प्लगमुळे सकाळी दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. पांढरा धूर मात्र जसाच्या तसा.

१३ जानेवारी

आज कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधले. इंजिन आयडलिंगला ठेवायचे आणि एकेका इंजेक्टरवर येणाऱ्या प्रेशर पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा. डिझेल नटातून बाहेर पडू लागले की त्या सिलिंडरचा इंजेक्टर उघडत नाही. सिलिंडर आधी चांगला चालत असेल तर इंजिनाची गती लगेच उतरते आणि हादरा वाढतो. तो आधीच निकामी असेल तर काहीच फरक पडत नाही.

पहिला सैल केला, इंजिन कण्हले. दुसरा सैल केला, तसेच. चौथ्याला थोडासा फरक पडला. तिसरा सैल केला तेव्हा इंजिनाला जणू पत्ताच लागला नाही. गती तीच, अडखळणे तेच. खात्रीसाठी हा क्रम तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

या चाचणीबद्दल दोन गोष्टी ठळकपणे लिहून ठेवतो. नटाभोवती जाड कापड गुंडाळायचे, चष्मा आणि हातमोजे घालायचे आणि बोट फटीजवळ न्यायचे नाही. इंजेक्टरच्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आतले ऊतक मरू लागते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. अशी जखम झाल्यास दुखत नाही म्हणून घरी बसायचे नसते. दुसरे असे की, ही चाचणी फक्त अशा जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावरच करायची. १९९७ पासून प्रवासी मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, पाइपातला दाब हजार बारच्या पुढे जातो. तिथे चालू इंजिनावर नटाला पाना लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्या इंजेक्टरांची तपासणी परतीच्या नळीतून किती डिझेल येते ते मोजून करतात.

२० जानेवारी

मधल्या आठवड्यात टाकीत इंजेक्टर साफ करणारे द्रव्य, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात, घालून सुमारे ४०० किलोमीटर चाललो. आयडलिंग किंचित मऊ झाल्याचा भास झाला, म्हणून पुन्हा पाइप सैल करण्याची चाचणी केली. तिसरा सिलिंडर आधीइतकाच थंड. भास तो भासच.

अशा द्रव्यांना मी निरुपयोगी म्हणणार नाही. आतल्या मार्गांत नुकताच जमू लागलेला चिकट थर ती सोडवू शकतात. पण नॉझलच्या (इंजेक्टरच्या फवारणाऱ्या तोंडाच्या) टोकावर बाहेरून भाजून कडक झालेला कार्बन डिझेलबरोबर आत गेलेल्या औषधाने निघेल अशी अपेक्षा करणे म्हणजे कौलावरचे शेवाळ घरात झाडू मारून जाईल असे मानण्यासारखे आहे. इंजेक्टर काढायचे ठरले.

२१ जानेवारी

काढण्याआधीची स्वच्छता ही काढण्याइतकीच महत्त्वाची, म्हणून सकाळचा पहिला तास केवळ ब्रश, रॉकेल आणि हवेचा झोत यांतच गेला. इंजेक्टरच्या भोवती वर्षानुवर्षांची माती बसलेली असते आणि इंजेक्टर निघाल्याबरोबर ती सरळ सिलिंडरमध्ये पडायला वाट मोकळी होते.

परतीच्या नळ्या काढल्या. चारपैकी दोन हातातच तुटल्या, त्या नव्या लागतील. प्रेशर पाइप चारही एकत्र, त्यांच्या क्लिपांसकट उचलून बाजूला ठेवले. हे पाइप दिसायला वेडेवाकडे असतात, पण त्यांची लांबी सारखी असते, कारण पंपाने दिलेला धक्का चारही इंजेक्टरांपर्यंत सारख्याच वेळात पोहोचावा लागतो. म्हणून एखादा पाइप खराब झाला तर हाताशी असेल तो आखूड तुकडा बसवून चालत नाही. पंपाची तोंडे आणि पाइपांची टोके लगेच प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद केली.

पहिला, दुसरा आणि चौथा इंजेक्टर पकडीचा बोल्ट सोडल्यावर पान्याने डावीकडे-उजवीकडे हलवत थोड्या प्रयत्नांत निघाले. तिसऱ्याच्या भोवती मात्र डांबरासारखा काळा, चमकदार थर घट्ट बसलेला होता. हा थर म्हणजे सिलिंडरमधला जळता वायू वॉशरच्या बाजूने वर निसटत असल्याचा पुरावा. गंजमोड तेल ओतून तीन तास थांबलो, पुन्हा ओतले, जेवून आलो, पुन्हा हलवले. शेवटी होल्डरच्या (नॉझल धरून ठेवणाऱ्या इंजेक्टरच्या अंगाच्या) आट्यांवर बसणारा सरकत्या वजनाचा हातोडा लावून, हळूहळू आठ-दहा ठोके दिल्यावर तो करकरत वर आला. आडवा पान्याचा जोर लावून होल्डर वाकवण्यापेक्षा हे तीन तास स्वस्त पडले असे समजतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक इंजेक्टरच्या टोकाखाली, सिलिंडर हेडच्या बैठकीवर, तांब्याचा एक वॉशर असतो. कधी तो इंजेक्टरला चिकटून येतो, कधी खालीच राहतो. मी कागदावर १ ते ४ असे रकाने आखून प्रत्येक वॉशर त्याच्या रकान्यात ठेवत होतो. पहिल्याचा खाली राहिला होता, तो वाकवलेल्या तारेने काढला. दुसऱ्याचा आणि चौथ्याचा सोबत आला. तिसऱ्याचाही सोबत आला. तरी सवयीने टॉर्च लावून तिसऱ्या भोकात पाहिले, तर तळाशी एक काळे कडे दिसले. खरवडल्यावर ते तांबूस झाले. कागदावर इंजेक्टर चार आणि वॉशर पाच.

म्हणजे कधीतरी कोणीतरी तिसरा इंजेक्टर काढला, जुना वॉशर खालीच राहिला आणि त्यावर नवा ठेवून इंजेक्टर बसवला. जादा वॉशरच्या जाडीएवढा, दोन मिलिमीटर, हा इंजेक्टर वर उचलला गेलेला आहे. आकडा लहान वाटतो, पण थेट इंजेक्शनच्या इंजिनात नॉझलचे फवारे पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत नेमक्या उंचीवर पडायचे असतात. टोक दोन मिलिमीटर वर गेले की फवारा वाटीऐवजी तिच्या काठावर आणि हेडवर आपटतो, तिथे ओला राहतो, अर्धवट जळतो आणि त्याची काजळी पुन्हा नॉझलच्या टोकावरच येऊन बसते. शिवाय कार्बन बसलेल्या जुन्या वॉशरवर नवा वॉशर नीट दबत नाही, म्हणून वायू निसटत होता आणि ते डांबर जमले होते.

म्हणजे इंजेक्टर चोंदला म्हणून हा सिलिंडर बिघडला, हे माझे म्हणणे उलटे होते.

२२ जानेवारी

इंजेक्टर बाहेर आहेत तोवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घेतले. पंपाला डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढली, अडॅप्टर लावला आणि प्रत्येक सिलिंडरला सहा फेरे दिले. वाचने क्रमाने २६, २५.५, २४.५ आणि २५.५ बार. फरक दोन बारच्याही आत आहे. झडपा आणि रिंगा धड आहेत, म्हणून पुढचा खटाटोप वाया जाणार नाही. याच चाचणीत एखादा सिलिंडर १८ बार दाखवता, तर इंजेक्टर कितीही चकचकीत केले असते तरी उपयोग शून्य होता.

२७ जानेवारी

आज दिवसभरासाठी नॉझल टेस्टर मिळाला. हे यंत्र म्हणजे हाताने दाबायचा दांडा, एक छोटा पंप, दाबाचे घड्याळ आणि इंजेक्टर अडकवायचा पाइप, एवढेच. धार कोणत्याही स्थितीत हाताकडे येणार नाही अशा रीतीने इंजेक्टर काचेच्या बरणीत उलटा सोडला. साफ करण्याआधी मोजायचे, हा हट्ट मुद्दाम धरला, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

पाहायच्या गोष्टी तीन. दांडा सावकाश दाबत नेल्यावर कितव्या बारला नॉझलची वाट बंद ठेवणारी आतली सुई उठते, हा उघडण्याचा दाब. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये तो २२० ते २३० बार दिला आहे. दाब त्याच्या २० बार खाली धरून ठेवल्यावर दहा सेकंदांत टोकावर थेंब जमतो का, ही गळतीची परीक्षा. आणि घड्याळाची झडप बंद करून दांडा भरभर दाबल्यावर फवारा कसा दिसतो आणि ऐकू कसा येतो, ही तिसरी. चांगले नॉझल किरकिरते. सुई सेकंदात अनेकदा उठून बसते, तिचा तो आवाज. नुसता फुसकारा किंवा पिचकारी ऐकू आली तर सुई अडकते आहे असे समजावे.

पहिला : २०४ बार, थेंब नाही, पाचही धारा दिसतात, एक थोडी आखूड. दुसरा : १९८ बार, टोक ओलसर, फवारा ठीक. तिसरा : २०६ बार, पाचपैकी तीनच धारा, चौथ्या छिद्रातून वेडीवाकडी ओघळ, पाचवे पूर्ण बंद. चौथा : १८६ बार आणि दाब धरताच तीन सेकंदांत टपकन थेंब. चौथ्याचा आवाज किरकिरीचा नव्हता, पिचकारीचा होता.

दाब कमी असणे आणि छिद्रे बंद असणे हे दोन वेगळे दोष आहेत, हे इथे स्पष्ट दिसते. दाब स्प्रिंग ठरवते आणि स्प्रिंग वापराने बसत जाते. धारा छिद्रे ठरवतात. नुसती सफाई करून दाब वाढत नाही.

जाता जाता एक हिशेब. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर चार आघातांच्या चक्रात प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला १,००० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा वेळा. पूर्ण भारावर एका वेळी सुमारे ५० घनमिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाएवढे, डिझेल तो देतो आणि तो एक थेंब पाच छिद्रांत वाटला जातो. यावरून पाचातली दोन छिद्रे बंद असल्यावर काय होत असेल ते समजावे.

२८ जानेवारी

सफाईचा दिवस. एका वेळी एकच इंजेक्टर उघडायचा, तो पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम. नॉझलचे अंग आणि त्याची सुई ही एकमेकांसाठी घासून जुळवलेली जोडी असते. त्यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. एकाची सुई दुसऱ्याच्या अंगात घातली तर दोन्ही जोड्या गेल्या. चार झाकणाच्या डब्यांवर आकडे लिहून प्रत्येकीत स्वच्छ डिझेल भरून ठेवले.

होल्डर व्हाइसमध्ये नॉझल वर करून पकडला, म्हणजे उघडताना आतले भाग खाली सांडत नाहीत. नट सोडल्यावर क्रमाने नॉझल, तिच्या खिळ्यांवर बसणारी मधली तबकडी, दट्ट्या, स्प्रिंग आणि सर्वांत तळाशी शिम, म्हणजे पातळ चकती, असा संसार निघाला. क्रम वहीत चित्र काढून ठेवला.

सुया बहुतेक सहज निघाल्या. तिसऱ्याची सुई अडली, तेव्हा नॉझल रात्रभर द्रावणात ठेवण्याऐवजी तासभर कोमट डिझेलमध्ये ठेवून बोटांनी फिरवत काढली. पकड लावली नाही. सुईचे अंग मऊ कापडाने पुसले. बाहेरचा कार्बन पितळी तारांच्या ब्रशने, तोही छिद्रांवर जोर न देता काढला. पोलादी ब्रश आणि पॉलिश पेपर यांना या टेबलावर स्थान नाही.

मग नॉझलची अंगे अल्ट्रासोनिक टबात, ६० अंश सेल्सिअसच्या साबणाच्या द्रावणात, तीस-तीस मिनिटे दोनदा ठेवली. पहिल्या दोन मिनिटांतच टोकांपासून काळ्या धुराच्या रेषा पाण्यात उतरताना दिसल्या; हे दृश्य पाहत बसण्यात अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. बाहेर काढल्याबरोबर हवेने वाळवून लगेच डिझेलमध्ये बुडवली, कारण उघड्या पोलादावर पाणी राहिले तर तासाभरात गंजाची छटा येते. तिसऱ्याचे पाचवे छिद्र दोन फेऱ्यांनीही उघडले नाही. छिद्राचा व्यास जेमतेम पाव मिलिमीटर. त्यासाठी त्याहून बारीक सफाईची तार चिमट्यात अगदी आखूड पकडून, भिंगाखाली, न ढकलता फिरवली. चौथ्या-पाचव्या वेळी ती आत गेली. ही तार छिद्रात तुटली तर नॉझल टाकून द्यावे लागते, म्हणून श्वास रोखून केलेले काम.

प्रत्येक जोडीची अखेरची परीक्षा अशी : अंग आणि सुई स्वच्छ डिझेलने ओली करायची, नॉझल उभे धरायचे, सुई एक तृतीयांश बाहेर ओढायची आणि सोडून द्यायची. ती स्वतःच्या वजनाने, सावकाश पण न अडखळता, खाली सरकून बैठकीवर टेकली पाहिजे. मग सुई थोडी फिरवून पुन्हा. पहिली सुई मधात चमचा बुडावा तशी खाली गेली. तिसरीने दुसऱ्या खेपेला अर्ध्यावर थांबून मला जागेवर बसवले. पुन्हा धुऊन, पुसून पाहिल्यावर सरळ गेली. पुसताना कापडाचा धागा राहिला असणार.

दुसऱ्याची सुई माझ्या तेलकट बोटांतून निसटली आणि काँक्रीटवर पडली. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. भिंगाखाली टोकाच्या शंकूवर केसाएवढा ओरखडा दिसला. नेमकी तीच जागा बैठकीवर बसून डिझेल अडवते. चारांतले जे नॉझल जवळपास धड होते ते मी माझ्या हाताने घालवले. टेबलाच्या कडेला आणि खाली जाड सतरंजी अंथरायची बुद्धी त्यानंतर झाली.

३ फेब्रुवारी

दुसऱ्यासाठी त्याच क्रमांकाचे नवे नॉझल आणले; त्यावरचे गंजरोधक ग्रीस स्वच्छ डिझेलने धुऊन, सुई-परीक्षा घेऊन मगच बसवले. नव्यावरही विश्वास ठेवायचा नाही, ही सवय लागली तर बरी.

चौथ्याची स्प्रिंग इतर तिघींशेजारी उभी केली तेव्हा कॅलिपरने ०.४ मिलिमीटर आखूड भरली. ती बदलली. बाकीच्यांचा दाब शिम बदलून वर आणला. माझ्या होल्डरांत ०.०५ मिलिमीटर जाड शिमने दाब ५ ते ६ बार वाढतो असे आढळले. हा आकडा स्प्रिंगगणिक वेगळा असतो, म्हणून प्रत्येक वेळी जोडा, मोजा, सोडा, बदला हे चक्र चालवावे लागले. पहिल्या इंजेक्टरला ते चार वेळा चालवले.

अखेरची वाचने : २२४, २२६, २२३, २२२ बार. चारही सात-आठ बारच्या आत असणे हे प्रत्येकाच्या नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे, कारण आयडलिंगचा गुळगुळीतपणा सारखेपणावर अवलंबून असतो. तिसऱ्याच्या पाचही धारा आता सरळ आणि सारख्या लांबीच्या आहेत, बरणीत धुके भरते आणि आवाज किरकिरीचा येतो. चौथ्याचे टोक दहा सेकंदांनी ओलसर दिसते, पण थेंब धरत नाही; चालवून घेतो.

४ फेब्रुवारी

इंजेक्टर लगेच बसवायचा मोह झाला होता, पण फळीवरची ती बाटली दिसली. सायीसारखा थर आता अधिक दाट झाला आहे. जुना फिल्टर जपून ठेवला होता; त्याचे पत्र्याचे कवच करवतीने कापून कागद पंख्यासारखा उलगडला. बाहेरचा अर्धा भाग काळा, बुळबुळीत आणि घड्यांच्या तळाशी गंजाचे बारीक कण. बुळबुळीत थर म्हणजे डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे वाढणारे जंतू. गाडी विकली जाण्याआधी बरेच महिने उभी होती, हे मला सांगितले गेले होते. अर्ध्या टाकीत हवा, हवेत बाष्प, ते रात्री पत्र्यावर थंड होऊन थेंबांच्या रूपात खाली उतरते, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसते आणि तिथून पुढचे सगळे सुरू होते.

टाकी उतरवली. उरलेले डिझेल काढून तिरपी केल्यावर तळाच्या कोपऱ्यातून लिटरभर तरी गढूळ पाणी निघाले. आत डिझेल आणि मूठभर स्वच्छ नट-बोल्ट घालून, तोंड बंद करून, मी आणि मित्राने मिळून ती पाळण्यासारखी झुलवली. ओतले, पुन्हा भरले, पुन्हा झुलवले. सहाव्या वेळी डिझेल स्वच्छ निघाले. नट-बोल्ट मोजून घातले होते आणि मोजून काढले. वॉशरांच्या अनुभवानंतर मोजण्यात हयगय नाही. शोषक नळीच्या टोकावरची जाळी फाटलेली होती, ती बदलली. पुरवठ्याच्या नळ्यांतून हवा मारली आणि पंपाच्या प्रवेशावरची छोटी जाळीही काढून धुतली.

पाण्याने पंपात आणि नॉझलमध्ये दुहेरी नुकसान होते. या भागांना वंगण देणारे दुसरे तेल नाही, डिझेलच वंगण असते. पाणी ते काम करू शकत नाही, शिवाय गंज आणते. टाकी अशीच ठेवून नुसते इंजेक्टर साफ केले असते, तर वर्षभरात पुन्हा हीच वही उघडावी लागली असती.

१० फेब्रुवारी

बसवणी. हेडमधल्या चारही बैठका लाकडी काठीला कापड गुंडाळून साफ केल्या. ग्रीस लावलेल्या काठीने कार्बनचे कण वर उचलून घेतले. प्रत्येक बैठक टॉर्चने पाहिली आणि प्रत्येकी एक, मोजून एकच, नवा वॉशर ठेवला. पकडींचे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कने, दोन टप्प्यांत आवळले. परतीच्या नळ्या चारही नव्या.

मग एअर काढण्याचे काम. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल आणले. इंजेक्टरकडचे चार नट सैल ठेवून मित्राने सेल्फ मारला. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही आणि मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ तापतो. पाचव्या खेपेपर्यंत तीन नटांतून डिझेल ठिबकू लागले, चौथा कोरडा. बॅटरी तोवर थकली होती. चार्जरवर तासभर ठेवून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कोरड्या नटातून फुरफुर करत फेस आला आणि मागोमाग स्वच्छ डिझेल. नट आवळले. पुढच्या सेल्फला इंजिन दोन सिलिंडरांवर लडखडत सुरू झाले, पाचेक सेकंदांनी तिसरा धरला, मग चौथा, आणि एकदम आवाज गोल झाला.

गळती पाहण्यासाठी प्रत्येक नटाभोवती हात न नेता पुठ्ठ्याचा तुकडा धरला. दुसऱ्याच्या नटाजवळ पुठ्ठा ओला झाला. इंजिन बंद करून पाव आटा आवळल्यावर थांबला. पुन्हा पाइप सैल करण्याची चाचणी केली : तिसऱ्याचा नट सैल करताच इंजिन पहिल्या-दुसऱ्याइतकेच कण्हले.

११ फेब्रुवारी

रात्रभर थंड झालेली गाडी पहिल्या सेल्फला सुरू. पांढरा धूर आठ-दहा सेकंद, मग नाही. आरसे स्थिर.

२ मार्च
मीटरवर २,२०,०१५ किलोमीटर

टाकी भरून तीनदा मोजले : १०.९, ११.३, ११.२. चढावर काळा धूर पूर्ण भारात पाय दाबल्यावरच आणि तोही क्षणभर. थंड इंजिनात एक टणटणीत ठोका अजून ऐकू येतो, जो गरम झाल्यावर मावळतो. उघडण्याचा दाब वाढल्याने इंजेक्शन किंचित उशिरा होऊ लागते, त्यामुळे ठोका कमी व्हायला हवा होता. पंपाचे टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, डायल गेजने तपासावे लागेल. तो वेगळा दिवस आणि वेगळे पान.

तिसऱ्या इंजेक्टरभोवती टॉर्चने पाहिले. धातू कोरडा आहे, डांबर नाही. फिल्टरच्या तळातून पुन्हा पाव कप काढून बाटलीत ठेवले. अर्ध्या तासाने तळाशी हरभऱ्याएवढा पाण्याचा एकच थेंब गोल फिरत होता. टाकी पुन्हा उतरवायची गरज नाही, पण पुढचे तीन महिने दर हजार किलोमीटरला हा स्क्रू उघडायचा. चौथ्या नॉझलचे ओलसर टोक २,३०,००० वर टेस्टरला लावून पाहायचे.